चतुर्थीनंतर घोडी फळवायला न्यावी का?

पत्राचा गोषवारा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांचे वय 52. घरचे कुळागर (सुपारीची बाग), चार गायी, दोन म्हशी. त्यांच्या सासऱ्यांनी शिगम्यात अनेक वर्षे कमरेला लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी नाचली आणि नऊ वर्षांपूर्वी हौसेने मारवाडी रक्ताची एक घोडी आणली. ती तेव्हा पाच वर्षांची होती. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. या घोडीवर बसायला शिकलेली मुलगी आता पुण्यात शिकते. घोडीला आजवर शिंगरू झालेले नाही. बेळगावकडील एका परिचिताकडे उंच, पांढरा अंडील (खच्ची न केलेला) घोडा आहे. त्याला पैसे नकोत, मात्र शिंगरी (मादी शिंगरू) झाली तर सहा महिन्यांनी ती आपल्याला द्यावी अशी त्याची अट आहे, आणि चतुर्थी आटोपताच घोडी घेऊन या असे त्याने सुचवले आहे. यजमान तयार आहेत. घरात इतकी जनावरे व्याली, घोडीचे वेगळे काय, असे ते म्हणतात. अधूनमधून घोडी चिडखोर होते, तीही शिंगरू झाल्यावर शांत होईल असे शेजारी सांगतात. मुलगी मात्र फोनवर म्हणाली, "आई, आजोबांच्या आठवणीसाठी तिला यात ओढू नकोस." या वाक्याने दुखावलेल्या वाचक भगिनी विचारतात: घोडीचे वय निघून चालले आहे, ही शेवटची संधी दवडावी का? न्यायची तर तयारी काय करावी? आणि पत्राच्या तळाशी: गोठ्याचे दार तीन फुटांचे आहे, ते चालेल का?

ताई,

सर्वांत आधी आपण दोघे बोटांवर महिने मोजू या, कारण घोडी कधी न्यायची हे तुमच्या पत्रात ठरलेले आहे, पण ती कधी विणार हे कुठेच आलेले नाही. घोडीचा गर्भकाळ साधारण 340 दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांहून थोडा अधिक असतो, आणि निरोगी घोडीतही तो 320 पासून 360 दिवसांपर्यंत मागेपुढे होतो. सप्टेंबरच्या मध्यावर घोडी फळली, तर शिंगरू पुढच्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जन्मेल. सत्तरीतला ऑगस्ट कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. भिंतींच्या चिऱ्यांतून ओल झिरपत असते, जमीन निसरडी झालेली असते, वीज गेलेली असते आणि रस्त्यावर कुठेतरी झाड आडवे पडलेले असते. अशा रात्री, आणि बहुतेक घोड्या रात्रीच वितात, ओल्या जमिनीवर पडलेल्या शिंगराची नाळ कोरडी ठेवणे हेच एक मोठे काम होऊन बसते.

म्हणून चतुर्थीनंतरचा मुहूर्त तुमच्या घोडीसाठी सोयीचा नाही. तो घोडेवाल्याच्या सवडीचा आहे. घोडी ही दिवस मोठा होऊ लागला की माजावर येणाऱ्या प्राण्यांपैकी आहे, आणि थंड देशांत हिवाळ्याचे काही महिने तिचा माज पूर्ण थांबतो. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहूनही कमी अंतर असल्याने पुष्कळ घोड्या वर्षभर माज दाखवतात, काही मात्र डिसेंबर-जानेवारीत मंदावतात. गोव्यात शिंगरू ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत जन्मावे असे मला वाटते, आणि त्यासाठी घोडी नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत फळवावी लागते. 1 डिसेंबरला फळलेली घोडी 6 नोव्हेंबरच्या आसपास विते. तेव्हा पाऊस सरलेला असतो, रात्री अजून फार गार झालेल्या नसतात. थंडीत माज येत नसेल तर संध्याकाळनंतर तबेल्यात दिवा लावून एकूण उजेड 16 तासांचा करतात आणि असे सुमारे दोन महिने चालू ठेवतात. उपाय खर्चाचा नाही, फक्त तो ऑक्टोबरपासूनच सुरू करावा लागतो. इंटरनेटवर फेब्रुवारी ते जून हा फळवण्याचा हंगाम वाचायला मिळतो, तो प्रामुख्याने शर्यतीच्या घोड्यांचा आहे. उत्तर गोलार्धातल्या शर्यतींत प्रत्येक घोड्याचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे तिथे वर्षाच्या आरंभी जन्मलेले शिंगरू फायद्यात राहते. तुमच्या कुळागरात त्या हिशेबाला काही अर्थ नाही.

आता वयाकडे येतो. घोडा 25 वर्षे, चांगला सांभाळला तर 30 वर्षेही जगतो, त्यामुळे 14 वर्षांची घोडी म्हातारी नव्हे. परंतु पहिलटकरीण म्हणून ती उशिराची आहे, आणि हा भेद तुमच्या पत्रात कुणी केलेला दिसत नाही. कधीच न व्यालेल्या घोडीचे गर्भाशय वापरले नाही म्हणून तरुण राहते अशी समजूत आहे, पण त्याचे अस्तर वयाबरोबर झिजत आणि निबर होत जाते. शिवाय अशा घोडीत गर्भाशयाचे मुख माजाच्या काळातही पुरेसे सैल होत नाही, त्यामुळे घोडा दाखवल्यानंतर, म्हणजे संयोगानंतर, आत साचलेले पाणी आणि दाह बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गर्भ उतरण्यापूर्वीच जागा बिघडते. यावर उपाय आहेत: सोनोग्राफीवर बीजकोश 35 मिलिमीटरच्या पुढे गेला की वेळ साधून एकदाच घोडा दाखवणे, दुसऱ्या दिवशी पाणी दिसल्यास गर्भाशय धुणे, ते आकुंचन पावावे म्हणून इंजेक्शन देणे. मात्र हे उपाय करायला यंत्र आणि हात जवळ असावे लागतात.

शेवटची संधी दवडावी का, असे तुम्ही विचारता. संधी शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. गर्भाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासण्याची एक साधी पद्धत आहे आणि त्यावरून घोडीची चार श्रेणींत वर्गवारी करतात. पहिल्या श्रेणीतील घोडीला जिवंत शिंगरू होण्याची शक्यता 80 टक्क्यांहून अधिक धरतात, तर शेवटच्या श्रेणीत ती 10 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरते. घोडी शेवटच्या श्रेणीतली निघाली, तर घरातला सारा वाद एका कागदाने मिटेल आणि कुणाला कुणाचे मन मोडावे लागणार नाही.

यजमानांच्या वाक्यावर मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. घरात इतकी जनावरे व्याली, हे खरे आहे, आणि नेमक्या त्याच अनुभवाची मला भीती वाटते. नोकरीची बहुतेक वर्षे मीही गायीम्हशींमध्ये काढली आणि त्या सवयीची किंमत एका घोडीने मोजली. सुरुवातीच्या काळात मला एका मळ्यावर बोलावले होते. घोडी पहाटे व्याली होती, शिंगरू ठणठणीत होते, वार (गर्भाचे वेष्टन) मात्र पडली नव्हती. म्हशीच्या हिशेबाने मालक निर्धास्त होते आणि मीही त्याच हिशेबाने संध्याकाळपर्यंत थांबा म्हणालो. तिसऱ्या दिवशी घोडीच्या खुरांना हात लावला तर ते तापलेले होते. अडकलेल्या वारेचे विष अंगात भिनून खुरांच्या आतला दाह सुरू झाला होता. ती जगली, पण पुन्हा कधी सरळ चालली नाही. गायीची वार 12 तास अडकली तरी आपण वाट पाहतो. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर तेवढ्यानेच पशुवैद्याला फोन लावायचा असतो. तोवर ती ओढायची नाही, तिला दगड बांधायचा नाही. पायाखाली येऊन फाटू नये म्हणून दोरीने वर गाठ मारून ठेवायची, एवढेच.

प्रसूतीचेही तसेच. गाय दोन तास कळा देत बसली तर घरातले लोक चहा ठेवतात. घोडीचे पाणी फुटल्यापासून शिंगरू बाहेर येईपर्यंत साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि याहून जास्त वेळ लागला तर शिंगरू गुदमरू लागते. पाणी फुटल्यावर दहा मिनिटांत एकामागे एक असे पुढचे दोन पाय आणि त्यांच्यावर टेकलेले नाक दिसायला हवे. पांढुरके पातळ आवरण आधी दिसणे हे स्वाभाविक आहे. त्याऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी पुढे आली, तर वार आधीच सुटली आहे असे समजून ती तत्क्षणी फाडावी लागते आणि शिंगरू हलक्या हाताने बाहेर घ्यावे लागते. तेव्हा विचारायला वेळ नसतो. वाळपईहून किंवा पणजीहून निघालेला कोणताही डॉक्टर, कितीही कर्तव्यदक्ष असला तरी, त्या 30 मिनिटांत तुमच्या अंगणात पोहोचणार नाही. म्हणून घोडी फळवण्याआधीच घरातील कुणीतरी दोघांनी एखाद्या पैदास केंद्रावर निदान एक-दोन प्रसूती डोळ्यांनी पाहून याव्यात, अशी माझी अट आहे. कास भरल्यानंतर सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की प्रसूती एक-दोन, फार तर चार दिवसांवर आली असे मानतात, पण पहिलटकरणी हा संकेतही कधी देतात, कधी देत नाहीत. तेव्हा ते आठवडे रात्रीची पाळी लावूनच काढावे लागतात.

चिकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण अनेक घरांत अजून वार पडेपर्यंत वासराला सडाला लावत नाहीत. शिंगराच्या बाबतीत ही प्रथा जीवघेणी आहे. घोडीची वार रोगप्रतिकारक घटकांना शिंगरापर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे ते जन्माला येते तेव्हा त्याच्यापाशी संरक्षण जवळजवळ नसतेच. ते सारे चिकातून मिळते, आणि ते शोषून घेणारे आतड्याचे दार पहिल्या काही तासांत सर्वाधिक उघडे असते व 24 तासांत बंद होते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे. तसे झाले नाही तर चीक पिळून पाजावा लागतो. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून संरक्षण पुरेसे पोहोचले की नाही ते पाहतात. घोडी विण्याआधीच तिच्या सडांतून दूध गळत असेल तर तो चीकच वाया जात आहे हेही ध्यानात ठेवावे.

जुळ्यांचेही सांगून टाकतो. गायीला जुळी झाली की घरात कौतुक होते. घोडीचे गर्भाशय दोन जिवांना पुरत नाही. बहुधा दोन्ही गर्भ उशिरा पडतात आणि घोडीचा जीवही टांगणीला लागतो. म्हणून फळवल्यानंतर 14 ते 16 दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करायचीच, कारण दोन गर्भ असतील तर त्यांतला एक त्या दिवसांतच हाताने निकामी करता येतो, पुढे ते फार अवघड होते. 25 ते 30 दिवसांच्या सुमारास हृदयाचे ठोके पाहायचे आणि 60 दिवसांच्या सुमारास पुन्हा एकदा. सुमारे 35 दिवसांनंतर गर्भ पडला तर घोडी पुढचे दोन-तीन महिने नीट माजावरही येत नाही आणि तुमचा अख्खा हंगाम हातचा जातो.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याला फार वेळ देत नाही. लग्न झाले की मुलगा सुधारेल, या जातीचा तो सल्ला आहे. आधी दोन महिने दिनदर्शिकेवर चिडचिडीच्या दिवसांवर खूण करा. 21 दिवसांच्या अंतराने पाच ते सात दिवस ती तशी वागत असेल तर तो माज आहे, आणि शिंगरू झाल्यावर साधारण आठव्या-दहाव्या दिवशी तो परतही येतो. गाभणपणाने स्वभाव बदलत नाही. दिवस अनियमित असतील तर खोगीर, पाठ, दात आणि जठरातले व्रण तपासा. बीजांडावर गाठ असणे दुर्मीळ, पण सोनोग्राफी करणाराच तेही पाहील.

आता बेळगावच्या घोड्याकडे वळू. पैसे नकोत हे ऐकून यजमान खूश झाले असतील, पण अट पुन्हा वाचा. शिंगरी होण्याची शक्यता निम्मी असते. तुम्हाला घोडीचा वंश पुढे चालवायचा आहे, म्हणजे मनातून तुम्हाला शिंगरीच हवी आहे. आणि ती झाली तर सहा महिने तिला वाढवून, आईपासून तोडून, ती घाटापलीकडे पोहोचवायची आहे. शिंगरा झाला तर तो तुमच्याकडे राहील आणि दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला अख्ता (खच्ची) करण्याचा निर्णय घ्यावा लागेल, कारण त्या वयाला तो स्वतःच्या आईलाही फळवू शकतो. या व्यवहाराला मी फुकट म्हणणार नाही. पैसे द्या, लेखी करार करा आणि शिंगरू कोणत्याही लिंगाचे असो, ते तुमचेच राहील असे लिहून घ्या.

पांढरा रंग वरातीच्या बाजारात मोलाचा, पैदाशीत त्याला तितकेसे मोल नाही. घोड्याचा वरचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा पुढे आलेला नाही ना, दोन्ही वृषणे खाली उतरलेली आहेत ना, त्याची आधीची शिंगरे कशी निपजली आणि त्याच्या आईबापांत तुमच्या घोडीचे रक्त तर नाही ना, हे पाहावे. उंचीची मात्र फार धास्ती नको. मोठ्या घोड्याचे शिंगरू लहान घोडीला अडते असे सरसकट मानतात, परंतु अवाढव्य शायर आणि बुटके शेटलंड या दोन टोकांच्या जातींवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि 1938 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की जन्मतः शिंगराचा आकार मुख्यतः आईच्या गर्भाशयावर ठरतो. रोगांची धास्ती मात्र पुरेपूर बाळगावी. ग्लँडर्स हा घोड्यांकडून माणसांत येणारा प्राणघातक रोग आहे, त्यावर लस नाही, 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार तो कळवावाच लागतो आणि बाधित ठरलेले जनावर मारावे लागते. ग्लँडर्स, इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया आणि मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा, या तिन्हींच्या रक्ततपासण्या दोन्ही जनावरांच्या झालेल्या असाव्यात. राज्याची सीमा ओलांडताना आरोग्याचा दाखला लागतो, तोही आधी काढावा. घोडी नेऊन त्याच दिवशी परत आणू असे मनात असेल तर तेही सोडा. एका माजात काम होईलच असे नाही, आणि चोर्ला घाटाची वळणे टेम्पोत उभे राहून दर तीन आठवड्यांनी सोसणे तिच्या पायांनाही मानवणार नाही.

घोडी हलवण्याऐवजी वीर्य आणता येईल का, असेही अनेकजण विचारतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आणि त्याच्या बिकानेरच्या परिसरात मारवाडी घोड्यांच्या गोठवलेल्या वीर्यावर काम झालेले आहे. पण गोठवलेले वीर्य घोडीत थोडेच तास टिकते, त्यामुळे बीज सुटण्याची वेळ गाठण्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा सोनोग्राफी करणारा माणूस शेजारी हवा. सत्तरीत, पहिलटकरणीसाठी, मी ते सुचवणार नाही.

खुराकाबद्दल थोडक्यात, पण जपून. पहिले सात-आठ महिने घोडीला जास्त खाऊ घालू नका. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढे अंग पुरे. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिने आणि खनिजे वाढवावी लागतात, आणि तिथेच दुभत्या जनावरांचे घर अडचणीत येते. गायींसाठी लावलेल्या संकरित नेपिअर गवतात ऑक्सलेट असते, ते घोड्याच्या पोटात कॅल्शियम बांधून ठेवते. त्यावर गव्हाचा किंवा भाताचा कोंडा घातला की स्फुरद वाढते आणि घोडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. गाभण घोडीला वाळलेला लसूणघास आणि चांगले सुके गवत यांवर ठेवा, नेपिअर तोंडी लावण्यापुरते. गायीच्या तयार पेंडीत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असू शकते. गायीला ते मानवते, घोड्याचे हृदय मात्र त्याने बंद पडते. म्हणून गायीच्या घमेल्यात घोडीचे तोंड जाता कामा नये, हा नियम आजपासूनच पाळा, शिंगराचा विचार असो वा नसो. पावसाळ्यात बुरशी धरलेला पेंढाही तसाच टाकून द्यावा. लसींमध्ये धनुर्वाताची मात्रा विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी द्यावी आणि हर्पिसविषाणूची पाचव्या, सातव्या व नवव्या महिन्यात.

सोळाव्या शतकात होर्मुझहून जहाजाने आलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगर व विजापूरकडे जात. या व्यापाराच्या जकातीवर राज्यकर्त्यांचे मोठे उत्पन्न चाले. या दमट किनाऱ्यावर पैदास करण्यापेक्षा समुद्रापलीकडून घोडे आणणे लोकांना परवडत असे, याचा मला नेहमी विचार पडतो. इथे शिंगरू वाढतच नाही असे मी म्हणणार नाही. त्याला हवेशी, गवताशी आणि माश्यांशी झगडून वाढवावे लागते.

शिंगरू जन्मले आणि जगले असे धरून चालू. सहा महिन्यांनी ते आईपासून वेगळे होईल, तीन वर्षांचे झाल्यावर त्याच्यावर बसता येईल, म्हणजे आजपासून मोजले तर पाच वर्षे जातील. तेव्हा तुमची घोडी 19 वर्षांची असेल आणि तुम्ही 57 वर्षांच्या. ते 25 वर्षे जगले तर तुम्ही 78 वर्षांच्या व्हाल. त्या तबेल्यातले शेण तेव्हा कोण काढणार, हे लिहून ठेवल्याशिवाय घोडी गाडीत चढवू नका. शिवाय तुमच्याकडे दुसरा घोडा नाही. एकटे शिंगरू फक्त आई आणि माणसे यांच्यात वाढले, तर घोड्यांची रीत त्याला कुणी शिकवत नाही. लहानपणी ते अंगावर पाय टाकते तेव्हा सगळे हसतात, आणि 300 किलोचे झाल्यावर तेच करते तेव्हा घरात कुणाचा तरी हात मोडलेला असतो.

तुमच्या लेकीचे वाक्य मला कठोर वाटले नाही. तिने आजोबांच्या आठवणीला नकार दिलेला नाही. त्या आठवणीचे ओझे घोडीच्या पोटावर टाकायला तिने नकार दिला आहे. सासऱ्यांनी घोडी आणली ती पैदाशीसाठी नव्हती. आयुष्यभर लाकडी घोडा कमरेला बांधून नाचलेल्या माणसाला एकदा खऱ्या घोड्याचा लगाम हातात घ्यावासा वाटला, एवढेच त्यामागे असावे असे तुमच्या पत्रावरून दिसते. शिंगराला या घोडीचे निम्मे रक्त मिळेल, पण तुमच्या सासऱ्यांच्या आवाजाला कान टवकारणारी ती घोडी त्यात पुन्हा जन्मणार नाही. आणखी एक शंका येते, ती चुकीची असेल तर क्षमा करा: सासरे गेले, लेक पुण्याला गेली, आणि सकाळी उठून ज्याच्यासाठी धावावे असे घरात कुणी उरले नाही, हेही या इच्छेमागे आहे का? असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण त्याचा उपाय घोडीच्या गर्भाशयात शोधायला हवाच असे नाही.

म्हणून माझे मत सांगतो. बेळगावला या चतुर्थीपुरता नकार कळवा. पाऊस सरताच, दिवाळीच्या आधी, घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून घोडीची सोनोग्राफी, गर्भाशयाच्या स्रावाची तपासणी आणि अस्तराची तपासणी करून घ्या; पुण्यात आणि बेंगळुरूत शर्यतींमुळे असे डॉक्टर आहेत, आणि तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्यांच्याकडे जाण्याची वाट विचारता येईल. निकाल चांगला आला तर चतुर्थीच्या आरत्या संपल्यावर नव्हे, दिवाळीच्या सुट्टीत, लेक निवांत असताना तिच्याशी बोला, आणि तिला हो किंवा नाही असे न विचारता, पाच वर्षांनी या शिंगराची जबाबदारी तू घेशील का, असे विचारा. ती नाही म्हणाली तर मी थांबेन. त्याऐवजी घोडीला सोबत आणण्याचा विचार करावा, असे मला वाटते: शांत स्वभावाचा, अख्ता केलेला, दहा-बारा वर्षांचा एखादा घोडा किंवा तट्टू. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे स्वस्तात मिळतात, पण ते तापट आणि नाजूक असतात, त्यामुळे डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नका. दोन घोडी एकत्र उभी राहिली की पुष्कळ चिडचिड आपोआप ओसरते, हा माझा अनुभव आहे.

हे उत्तर वाचणारे काहीजण पेडणे-बारदेशच्या बाजूला पर्यटकांसाठी घोडी ठेवत असतील. त्यांच्याकडे निर्णय घेण्याआधीच घोडी गाभण होतात, कारण अंडील घोडा आणि घोड्या एकाच आवारात मोकळ्या असतात. त्यांनी दीड वर्षावरील प्रत्येक नर वेगळा बांधावा किंवा अख्ता करावा. गाभण घोडीला हलके काम सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चालते, पण तेही पुळणीच्या मऊ वाळूत आणि भर उन्हात नको.

आता दाराचे. तीन फूट चालणार नाही. गाभण घोडीच काय, साधी घोडीही अरुंद दारातून घाईने वळताना कमरेचे हाड चौकटीवर आपटून घेते, आणि म्हातारपणी तो मार बरा होत नाही. दार किमान चार फूट रुंद आणि आठ फूट उंच हवे, बाहेर उघडणारे, आणि चौकटीच्या कडा गोल केलेल्या असाव्यात. विण्याची जागा 14 फूट लांब आणि तेवढीच रुंद लागेल, म्हणजे गोठ्यातला मधला खांब हलवावा लागेल. तो खर्च शिंगराचा निर्णय होईपर्यंत थांबू शकतो. दाराचा मात्र थांबवू नका. चतुर्थीसाठी घराची डागडुजी करायला गवंडी येईलच, त्याच्याकडून तेवढे एक काम करून घ्या.